दोन तास कमाई, चोवीस तास खाणं: घरच्या तबेल्याचं गणित

घोडेस्वारी शिकवणारा तबेला लोकांना दिसतो तो रविवारी सकाळी. रिंगणात चार-पाच घोडे फिरतायत, कठड्याला टेकून आई-बाप मोबाइल धरून उभे, मधोमध शिकवणारा ओरडतोय, "टाच खाली, नजर समोर!" हे बघून ज्याला आपणही असं काही सुरू करावं असं वाटतं, त्याला आधी एक हिशेब सांगावा लागतो. शिकाऊ स्वारांखालचा घोडा दिवसाला दोन, फार तर तीन तास काम करू शकतो, आठवड्याला एक सुट्टी धरून. खातो मात्र चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पावसाळ्यात रिंगणात पाणी साचून पंधरा दिवस वर्ग बंद राहिले तरी गव्हाण रिकामी ठेवता येत नाही. म्हणून आपल्याकडे जे तबेले पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते बहुतेक घरचे आहेत. रात्री अकराला एकदा कंदील, म्हणजे आता टॉर्च, घेऊन फेरी मारणारं माणूस पगारावर मिळत नाही असं नाही, पण टिकत नाही.

इथलं सगळं लिहिलंय ते भीमा-नीरेच्या पट्ट्यातल्या, म्हणजे दौंड, इंदापूर, बारामती, फलटण या बाजूच्या तबेल्यांना धरून. या मुलखाला घोडा नवा नाही. भीमथडीची तट्टं मराठा फौजांखाली होती. पुढे ती धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढ्यांच्या फिरत्या तळाबरोबर, संसार पाठीवर घेऊन हिंडत राहिली, आणि अलीकडे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवलीही. तिकडे बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखीसाठी आळंदीपर्यंत पायी येतात. एका घराण्याने इतकी वर्षं घोडा राखणं म्हणजे काय, हे ज्याने तबेला चालवलाय त्यालाच कळेल.

सुरुवात वैरणीपासून, कारण घरच्या तबेल्याचं घोडं बहुतेक वेळा तिथेच पेंड खातं.

घोड्याला लागणारी वैरण त्याच्या वजनावरून काढतात. वजनकाटा नसेल तर कापडी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४५ आली तर घोडा साधारण ३१२ किलोचा. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. जंताच्या औषधाची मात्रा, चंदी (दाण्याचा खुराक), स्वाराचं वजन, सगळं यावरूनच ठरतं. डोळ्यांनी अंदाज करणारे बहुधा पन्नास किलो तरी चुकतात.

या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज पोटात गेला पाहिजे. ३२० किलोच्या घोड्याला दोन टक्क्यांनी साडेसहा किलो, सांडलवंड धरून सात. वर्षाचे झाले अडीच टन. सहा घोडे असतील तर पंधरा टन वैरणीची सोय आधी, मग बाकीच्या गप्पा. ज्वारीची काढणी झाली की फेब्रुवारी ते एप्रिल कडब्याचा भाव उतरलेला असतो. तेव्हा वर्षाचा घेऊन गंज लावायची. भाव शेकड्यावर ठरतो आणि पेंढी मात्र गावागावात वेगळी. कुठे किलोची, कुठे पावणेदोन किलोची. सौदा करण्याआधी दोन पाचुंदे (पाच-पाच पेंढ्यांचे) उचलून वजन करावेत आणि किलोचा दर काढावा. गंजीखाली दगड किंवा लाकडी ओंडके टाकून हातभर उंची हवी, वर ताडपत्री उतरती हवी. जूनच्या पहिल्या वळवात खालचे थर भिजले की ऑगस्टात काळी बुरशी येते, आणि अशी पेंढी गायीला चालत असेल, घोड्याला चालत नाही. झटकल्यावर धूर उडाला की ती पेंढी बाजूला. मक्याच्या बाबतीत तर तडजोडच नाही. बुरशी लागलेल्या मक्यातलं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. घोडा आंधळ्यासारखा भिंतीला डोकं लावून उभा राहतो आणि त्यावर उपाय नाही.

कुट्टी करायची तर दीड-दोन इंचांची. यंत्राचं पातं बारीक लावून पीठ करू नये. बारीक कुट्टी न चावता गिळली जाते आणि आतड्यात गोळा बसतो.

हिरव्या चाऱ्यात हत्तीगवत, म्हणजे नेपिअर, सगळ्यात सोपं. बांधावर येतं, वर्षभर कापता येतं, गायींसाठी लावलेलंच असतं. पण नेपिअरच्या सगळ्या जातींत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात आपल्याकडे चंदी म्हणून गव्हाचा कोंडा देण्याची सवय. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या नऊ-दहा पट. घोड्याला हवं याच्या उलट, कॅल्शियम दीड-दोन पट. हत्तीगवत आणि कोंडा, ही जोडी वर्षभर चालली की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं. आधी घोडा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतो, नालबंदाला शिव्या बसतात. मग गालाची हाडं फुगून तोंड डबीसारखं दिसू लागतं. तोवर वर्ष गेलेलं असतं. उपाय महाग नाही. रोज दोन-तीन किलो हिरवा लसूणघास सुरू करावा (नगर-पुणे भागात नुसतं घास म्हटलं तरी कळतं), कोंडा ओंजळभरावर आणावा, आणि पशुवैद्यकाला विचारून खाद्याच्या दर्जाची चुनखडी पावडर चंदीत मिसळावी. नुसता घासच घास देणंही बरं नाही. त्यात प्रथिनं जास्त, घोडा पाणी पितो खूप, मुततो खूप आणि तबेल्याला अमोनियाचा वास मारतो.

चंदी कमी द्यावी असं आमचं ठाम मत आहे. तासभर चालणं-दुडकी करणाऱ्या तट्टाला दिवसाला एक ते दीड किलो पुष्कळ झालं. अर्धा भिजवलेला हरभरा, अर्धा जव किंवा ओट, आणि दोन-तीन वेळांत विभागून. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याला ओकता येत नाही. एका वेळी दोन किलोच्या वर दाणा गेला तर तो न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आंबतो, आणि मग पोटशूळ किंवा खूर सुजणं. हरभरा आठ-दहा तास भिजवावा. मे महिन्यात पाणी आंबतं म्हणून मध्ये एकदा बदलावं. आंबूस वास आला तर तो दाणा कोंबड्यांना. कोंबड्यांवरून आठवलं: कोंबडीखाद्य घोड्याच्या आसपासही ठेवू नये. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन घातलेलं असतं. कोंबडीला ते औषध, घोड्याला मात्र अगदी थोड्या मात्रेतही हृदयावर घातक. काही पशुखाद्यांतही असतं, म्हणून गायीची पेंड उचलून घोड्याला घालण्याआधी पोत्यावरची चिठ्ठी वाचावी.

मीठ लोक विसरतात. साधं खडे मीठ, दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच सपाट चमचे. घाम गाळणाऱ्या दिवसांत थोडं जास्त.

आता सुट्टीचा दिवस. बहुतेक तबेल्यांची सुट्टी सोमवारी असते, रविवारची गर्दी झाली म्हणून. रविवारी चार तास काम, सोमवारी दिवसभर बांधून, चंदी मात्र पूर्ण, आणि मंगळवारी सकाळी पहिल्या दहा मिनिटांत घोडा घामाघूम, मागचा भाग लाकडासारखा कडक, पाऊल टाकेना, लघवी कॉफीच्या रंगाची. हा थकवा नाही आणि हट्टही नाही, स्नायू मोडतायत. तिथेच थांबवायचं, चालवत घरी आणायचंसुद्धा नाही, पाणी जवळ आणून द्यायचं, पशुवैद्यकाला बोलवायचं. टाळणं अगदी सोपं आहे: सुट्टीच्या आदल्या रात्रीपासून चंदी निम्मी, वैरण तेवढीच, आणि सुट्टीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास हाताने फिरवणं किंवा मोकळ्या कुरणात सोडणं.

पाणी विश्रांतीच्या दिवशी वीस-पंचवीस लिटर, एप्रिलात काम असेल तर चाळीसपर्यंत जातं. बादली कायम भरलेली हवी आणि कुणी किती प्यायलं हे कळलं पाहिजे. हौदापेक्षा बादली बरी ती याच कारणासाठी. कोरडा कडबा आणि कमी पाणी हे आपल्याकडच्या पोटशुळाचं पहिलं कारण. दुसरं वाळू. चारा जमिनीवर टाकला की घोडा मातीसकट खातो. शंका आली तर मूठभर लीद पाण्याच्या बाटलीत विरघळवून उलटी धरावी, तळाशी वाळूचा थर दिसतो.

पोट धरल्याचं लक्षण नेहमी लोळण नसतं. घोडा कुशीकडे वळून बघतो, पुढचा पाय खरवडतो, वरचा ओठ उलटा करतो, मुतायला बसल्यासारखा ताणतो. अशा वेळी आधी चारा काढायचा. दोन्ही कुशींना, वर आणि खाली, मिनिटभर कान लावायचा. निरोगी पोटात सतत गडगड असते आणि उजवीकडे वरच्या बाजूला मधूनच पाणी सांडल्यासारखा आवाज येतो. एकदम शांत पोट वाईट. जबड्याच्या खालच्या कडेला शीर बोटाने दाबून नाडी मोजायची, स्वस्थ घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. साठच्या वर गेली तर पशुवैद्यकाला फोनवर हा आकडा सांगायचा, तो बाकीचं काम टाकून येतो. ताप ३८.३ अंशांपर्यंत ठीक. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. तोवर हळूहळू चालवायचं, पळवायचं नाही. आणि बाटलीने किंवा नळकांड्याने तेल, तूप, हिंगाचं पाणी पाजायचं नाही. मान वर ओढून पाजलेलं अर्धं फुप्फुसात जातं. पोटशुळातून वाचलेले घोडे आठ दिवसांनी न्यूमोनियाने जातात ते असे. तेल द्यायचंच असेल तर पशुवैद्यक नाकातून पोटापर्यंत नळी घालून देतो. कुशीवर डाग देणाऱ्याला तर फाटकाच्या आतही घेऊ नये.

दुसरा मोठा विषय खूर. खुराची भिंत महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढते, म्हणून सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून पुन्हा बसवावी लागते, नाल झिजली असो वा नसो. "अजून जाड आहे की नाल" म्हणून दहा आठवडे चालवली तर पुढचं टोक लांबतं, टाच खाली बसते आणि सगळा ताण पायामागच्या शिरांवर (कंडरांवर) येतो. घोडा दुडकीत ठेचाळायला लागतो आणि नवशिक्या स्वाराला तोंडावर आपटतो. चांगला नालबंद ओळखायचा तो खिळ्यांच्या रेषेवरून. खिळा तळाच्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरून शिरतो आणि भिंतीतून दोन-अडीच सेंटिमीटर उंचीवर, सगळे एका ओळीत, बाहेर येतात. ठोकताना आवाजही बदलतो. खणखणीत भिंतीत खिळा टणटण जातो, मऊ जागेत गेला की आवाज बद्द होतो आणि घोडा पाय ओढून घेतो. त्या क्षणी खिळा काढणारा नालबंद ठेवावा. "नाटकं करतोय" म्हणून पुढचा खिळा ठोकणारा बदलावा. नाल ठोकल्यावर दोन-तीन दिवसांत पाय गरम लागला, लंगड आली, तर आधी तो खिळा काढायचा, कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा आणि धनुर्वाताची लस केव्हा झाली ते वहीत बघायचं. पाळीव जनावरांत धनुर्वात सगळ्यात लवकर होतो तो घोड्याला, आणि आपले तबेले तर शेणखताच्या ढिगाला लागूनच असतात.

चारही पायांना नाल हवीच असं नाही. वाळूच्या रिंगणात आणि मातीच्या वाटांवर काम असेल तर मागचे पाय मोकळे ठेवावेत, लाथ बसली तरी जखम कमी होते. डोंगरात, खडकाळ वाटेने फिरती असेल तर पुढची नाल लागतेच.

पावसाळ्यात तळाच्या मधल्या मऊ भागाला, नालबंद ज्याला पुतळी म्हणतात, सड लागते. काळा चिकट स्राव आणि असा वास की एकदा घेतला की विसरत नाही. रोज आकडीने खूर साफ करणं, ब्रशने घासून कोरडं करणं आणि मोरचुदाचं सौम्य पाणी भेगांत कापसाने भरणं एवढ्यावर ती आटोक्यात राहते. पण घोडा ओल्यातच उभा असेल तर औषधाचा उपयोग शून्य. म्हणून तबेल्याची जमीन. शहाबादी फरशी दिसायला छान, ओली झाली की घोडा बसताना घसरतो आणि कंबरेत भरतो. खरखरीत काँक्रीटला दाराकडे उतार आणि वर रबरी चटई, किंवा कुटून बसवलेला मुरूम, दर वर्षी वरचा थर बदलत. खण मोठ्या घोड्याला बारा बाय बारा फूट, तट्टाला दहा बाय दहा. पत्रा घालायचा तर उंची बारा फूट तरी, नाहीतर मे महिन्यात आत भट्टी.

खोगिराबद्दल लिहायचं तर स्वतंत्र लेख होईल, पण दोन गोष्टी इथे हव्यातच. कानपूरला तयार होणारी खोगिरं स्वस्त आणि टिकाऊ असतात, मात्र तयार मापं बहुधा रुंद पाठीची. आपले मारवाडी, काठेवाडी घोडे अरुंद अंगाचे, खांद्यामागचा उंचवटा ठळक. स्वार बसल्यावर खोगीर खाली येऊन त्या हाडाला टेकतं. स्वार बसलेला असताना मधे दोन-तीन बोटं उभी जायला हवीत. न गेल्यास वर ब्लँकेटवर ब्लँकेट घालून प्रश्न सुटत नाही, उलट दोन्ही बाजूंनी आवळतं. तासानंतर खोगीर उतरवून पाठीकडे नीट बघावं. घाम दोन्ही बाजूंना सारखा आलेला हवा. मधेच तळहाताएवढी कोरडी जागा असेल तर तिथे दाब आहे. हाताने दाबलं की घोडा पाठ खाली सोडतो. काही महिन्यांनी तिथे पांढरे केस येतात. विकत घेताना पाठीवरचे असे पांढरे ठिपके शोधावेत, त्यात घोड्याचा मागचा मालक दिसतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तीन टप्प्यांत आवळायचा: ठेवल्यावर सैल, दहा पावलं चालवून एक भोक, बसण्याआधी आणखी एक. एका दमात आवळला की घोडा पोट फुगवतो, नंतर सोडतो, आणि स्वार खोगिरासकट बाजूला.

वजनाचा नियम कडक ठेवावा, गिऱ्हाईक रागावलं तरी. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त नको, शिकाऊ स्वार असेल तर पंधराच्या जवळ. ३२० किलोच्या तट्टाला वीस टक्के म्हणजे ६४ किलो, त्यात सात-आठ किलोचं खोगीर. उरले छप्पन-सत्तावन्न. म्हणजे ऐंशी किलोच्या हौशी माणसाला त्यावर बसवता येत नाही, त्याला मोठा घोडा लागतो. नसेल तर जमिनीवरून घोडा हाताळायला शिकवा, खरारा शिकवा, पण पैसे घेऊन बसवू नका.

लगामाबद्दल एवढंच: काटेरी कडियाळ (लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग) १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांबाबतच्या नियमांप्रमाणे बेकायदा आहे, तरी जत्रांच्या दुकानांत टांगलेलं दिसतं. शिकाऊ माणूस तोल सावरायला लगामच ओढणार, त्यामुळे त्याच्या घोड्याच्या तोंडात साधं, गुळगुळीत, मधे जोड असलेलं कडियाळ हवं.

रिंगण २० बाय ४० मीटर पुरतं. काळ्या जमिनीवर थेट वाळू टाकली तर पहिल्या पावसाळ्यात ती गडप होते. वरची काळी माती फूट-दीड फूट काढून, मुरूम भरून रोलर फिरवून, एका बाजूला शंभराला एक असा उतार ठेवून मग वाळू. आधी पाच-सहा सेंटिमीटर, लागली तर वाढवावी. एकदम वीतभर टाकली की घोड्याच्या पायामागच्या शिरा दुखावतात, आणि काढणं टाकण्यापेक्षा महाग. नदीची वाळू मिळणं अवघड झाल्यापासून लोक क्रश सँड टाकतात. तिची धूळ फार आणि पाणी मारून वाळली की सिमेंटसारखी बसते. ती धुतलेली घ्यावी आणि आठवड्याला दंताळ फिरवावं.

शिकवण्याची सुरुवात लांब दोरीवर, अठरा ते वीस मीटर व्यासाच्या गोलात. दोरी शिकवणाऱ्याच्या हातात, लगाम गाठ मारून मानेवर, स्वाराच्या हातात फक्त घोड्याच्या गळ्यातला पट्टा. लगाम हातात दिला की माणूस मांड शिकत नाही, लटकायला शिकतो. दर पाच-सात मिनिटांनी दिशा बदलायची, वीस-पंचवीस मिनिटांत थांबायचं, कारण गोलात फिरणं घोड्याच्या सांध्यांना जड जातं. रिकिबीची लांबी बसण्याआधीच काढता येते: बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या कडीला लावली की रिकीब काखेत आली पाहिजे. पायाचा चवडा रिकिबीवर, टाच खाली. नवशिका गुडघ्यांनी आवळतो, त्याने तो वर उचलला जातो, घाबरून पुढे वाकतो, आणि पुढे वाकलेला माणूस घोडा थांबला की मानेवरून खाली येतो. सुधारणा "मागे बसा" ओरडून होत नाही. हात पसरून, हात डोक्यावर ठेवून, रिकिबीशिवाय चालण्यात फेऱ्या मारल्या की कंबर आपोआप सैल होते. दुडकी त्यानंतर. आणि चढायला दीड-दोन फुटांचा कट्टा ठेवावा. रोज जमिनीवरून चढणाऱ्या दहा माणसांनी खोगिराचा सांगाडा आणि घोड्याची पाठ, दोन्ही डावीकडे पिळवटतात.

पायात टाच असलेले बूट. चप्पल किंवा खोल नक्षीचे स्पोर्ट्स शूज रिकिबीत अडकतात. हेल्मेट घोडेस्वारीचंच, हनुवटीखाली पट्टा लावलेलं. क्रिकेटचं किंवा सायकलचं चालत नाही, घोड्यावरून पडताना डोक्याची मागची बाजू आपटते आणि ती त्यांत उघडी राहते.

उन्हाळ्यात काम किती घ्यायचं याचा एक सोपा हिशेब आहे: फॅरनहाइट तापमान अधिक हवेतली आर्द्रता. १३० च्या आत असेल तर घोडा घामाने स्वतःला थंड करू शकतो, १५० च्या वर हलकं काम, १८० ला बंद. बारामतीत एप्रिलात संध्याकाळी ३८ अंश, म्हणजे १०० फॅरनहाइट, आर्द्रता २०: झाले १२०. अलिबागेत ३४ अंश, म्हणजे ९३, आर्द्रता ७५: झाले १६८. आकाशाकडे बघून वाटतं त्याच्या उलट, किनाऱ्यावरचा घोडा जास्त त्रासात असतो.

लग्नांच्या वरातींचं काम घ्यावं का, हा घरोघरी वादाचा मुद्दा. पैसा तिथेच आहे हे खरं. पण रात्री बारापर्यंत डीजेच्या भिंतीसमोर उभा राहिलेला घोडा सकाळी सातला आठ वर्षांच्या मुलाखाली द्यायचा नाही. करायचंच तर वरातीचा घोडा वेगळा, शाळेचा वेगळा. नाचरा घोडा शाळेसाठी तर कधीच घेऊ नये. पट्टा हलला, टाच लागली की तो उचलायला लागतो, आणि पोराला वाटतं आपणच काही चुकीचं केलं.

पावसाळा संपताना गोमाशा वाढतात आणि त्यांच्याबरोबर सर्रा हा रक्तातल्या जंतूंचा आजार येतो. ताप येतो-जातो, घोडा खात असूनही खंगतो, पोटाखाली आणि पायांना सूज, मागचा भाग डुलायला लागतो. तापात असतानाच रक्त तपासायला द्यावं, ताप उतरल्यावर जंतू सापडत नाहीत. वेळेत कळलं तर क्विनापायरामिनच्या इंजेक्शनाने घोडा उभा राहतो. ग्लँडर्सचं तसं नाही. नाकातून पिवळा घट्ट स्राव, आत फोड, अंगावर ओळीने गाठी. हा माणसालाही होतो आणि खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून होते. निदान पक्कं झालं तर कायद्याने घोडा मारावाच लागतो. म्हणून बाहेरच्या घोड्याबरोबर एका हौदात पाणी पाजणं बंद.

आणि शेवटी घोडा घेणं, ज्याने खरं तर बहुतेक लोक सुरुवात करतात. अकलूजचा बाजार दिवाळीच्या पाडव्याला, सारंगखेड्याचा दत्तजयंतीला तापीकाठी, त्यानंतर नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्रा. तिथे उंची इंचांत बोलतात: साठ इंची, बासष्ट इंची. भाव देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला केसांचा भोवरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं), कानांची टोकं जुळतात का यांवर चढतो. भोवऱ्याने घोड्याची चाल सुधारत नाही आणि बिघडतही नाही, पण गोम (अशुभ मानलेली केसांची खूण) निघालेला शांत, आठ-दहा वर्षांचा घोडा कमी भावात मिळतो आणि शाळेला तोच उत्तम. वय दातांवरून बघावं. मधले दुधाचे दात अडीच वर्षांनी, शेजारचे साडेतीन, कडेचे साडेचार वर्षांनी पडतात, पाचाला तोंड पुरं होतं. वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ खाच दिसू लागली तर दहा, निम्म्यापर्यंत आली तर पंधरा, पूर्ण खाली आली तर वीस. कडक जमिनीवर दुडकी करायला लावावी, दोन्ही दिशांनी लहान गोलात फिरवावं, चारही पाय उचलून बघावेत, तंग आवळताना आणि कान हाताळताना कसा वागतो ते बघावं. सकाळी लवकर, विकणाऱ्याने पळवून गरम करण्याआधी.

मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड त्याहून स्वस्तात पडू शकतो, आणि दिसायला राजबिंडा. पण साडेचारशे-पाचशे किलोच्या त्या जनावराला दिवसाला नऊ-दहा किलो वैरण लागते, खूर पातळ, कातडी नाजूक, आणि लगाम ताणला की पळायचं हीच त्याची शिकवण. सहा महिने फक्त चालणं-दुडकी करून, अनुभवी स्वाराखाली, मग ठरवावं.

कुठूनही आणला तरी घोडा थेट दावणीला बांधायचा नाही. एकवीस दिवस वेगळा खण, वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि त्याचं काम दिवसाच्या शेवटी. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी, धनुर्वात आणि रेबीजची लस, जंताचं औषध वजनावरून. विकणाऱ्याकडची वैरण तीन-चार दिवसांची बरोबर मागून घ्यावी आणि आठवडाभर थोडी-थोडी बदलत आपली सुरू करावी. बाजारातले लोक त्याचे वेगळे पैसे क्वचितच मागतात.